शेतात पडलेली पोत, अंगठी शोधायची कशी? मेटल डिटेक्टर पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

आमच्या खानदेशात दिवाळीनंतर कापूस वेचणीने जोर धरला की मला फोन सुरू होतात. "भाऊ, ते टूं-टूं वाजणारं मशीन तुमच्याकडेच आहे ना?" बोलणारा बहुतेक वेळा नवरा असतो, मागे बाईचा रडवेला आवाज असतो, आणि एखादी आजी "आठेच पडनी व्हई, दुसरीकडे कोठे जाई?" असं ठासून सांगत असते.

माझा धंदा मोटारी भरण्याचा. विहिरीवरची, बोअरची मोटर जळाली की जुनी तार काढून नवी भरून द्यायची. मेटल डिटेक्टर हातात आला तो सहा वर्षांपूर्वी वहिनीची पोत, म्हणजे मंगळसूत्र, तुटली म्हणून. तेव्हा मला कोणी दोन गोष्टी नीट सांगितल्या असत्या तर तीन दिवस चुकीच्या सरीत वाकून कंबर मोडून घेतली नसती. दोनाच्या आता बऱ्याच झाल्यात, त्या क्रमाने लिहितो.

१. आधी रान शांत करा

वस्तू गेल्याचं कळलं की पहिल्या अर्ध्या तासात घरचे, शेजारचे, मजूर बाया असे सगळे मिळून रान तुडवतात. मऊ काळ्या मातीत पायाखाली आलेली पोतीची सोन्याची वाटी एका पावलात बोटभर खाली जाते आणि वरून माती लिंपल्यासारखी बसते. डोळ्यांनी दिसणारी वस्तू आपणच गाडतो.

म्हणून सगळ्यांना बांधावर बोलवा. ठिबक चालू असेल तर बंद करा. कोळपणी, वखरणी दोन दिवस पुढे ढकला. रोटाव्हेटर तर अजिबात नको. तो वस्तू लांब फेकतो, वाकवतो, आणि मग शोधायची जागा चौपट होते. जिथे संशय आहे तिथे चार खुंट्या ठोकून सुतळी बांधा.

आणि त्याच रात्री एक काम करा. अंधार पडल्यावर टॉर्च जवळजवळ जमिनीला टेकवून आडवा धरा आणि सरीच्या तोंडाशी बसून प्रकाश लांबवर सोडा. दिवसा वरून पाहताना माती सगळी सारखी दिसते, पण आडव्या उजेडात सोनं लगेच चमकतं. माझ्याकडे आलेल्या कामांपैकी तीन वस्तू अशाच, मशीन गाडीतून न उतरवता सापडल्या आहेत.

२. मशीनआधी माणसाला विचारा

या कामातला सगळ्यात मोठा वाटा विचारपूस करण्याचा आहे. मशीन एका वेळेला ताटाएवढी जागा बघतं. एकरभर शेत त्याने चाळायचं म्हटलं तर आठवडा जातो, तेही काटेकोर चाललं तर.

वहिनीचंच सांगतो. ती म्हणाली, "नवव्या सरीत वेचत होते, तिथेच गळा मोकळा लागला." आम्ही नववी सरी, मग आठवी, मग दहावी, असे तीन दिवस काढले. खिळे निघाले, बैलाच्या पायाचा अर्धा नाल निघाला, पोत नाही. चौथ्या दिवशी आईने चहा देता देता विचारलं, "ओटी कोठे सोडी व्हती तू?" वहिनीने त्या दिवशी ओटीची, म्हणजे कापूस ठेवायच्या झोळीची, गाठ मानेमागे मारली होती. ओटी भरली की ती निंबाखाली, वजनकाट्याजवळच्या चादरीवर रिकामी करायची. गाठ ओढून सोडताना पोतीचा दोरा त्यात अडकून तुटला असणार. गळा मोकळा "लागला" नवव्या सरीत, पण पोत तुटली होती निंबाखाली. तिथे पंधरा मिनिटांत एक वाटी लागली, चार बोटं खाली.

तेव्हापासून मी पोहोचलो की आधी बसतो, पाणी पितो आणि हे विचारतो:

- वस्तू अंगावर होती हे शेवटचं नक्की कधी आठवतं? फोटो आहे का त्या दिवसाचा? (मोबाइलवरच्या फोटोवर वेळ असते. एका लग्नघरात याच एका गोष्टीने शोध मांडवातून थेट गाडी धुण्याच्या जागेवर आला.)
- हात जोरात झटकला, ओझं डोक्यावर घेतलं, कपडे बदलले, साबण लावला, पीठ मळलं, असं काय काय केलं?
- वस्तू स्वतःहून काढून कुठे ठेवली होती का? पदराला, रुमालाला बांधली होती का?
- तिथून पुढे माती, कचरा, शेण, चारा कुठे हलवला?

"कुठे पडली असं वाटतं?" हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारलात तर माणूस त्या एका जागेला चिकटतो आणि बाकी आठवणच थांबते.

हिवाळ्यातल्या भरीत पार्टीचा अनुभवही असाच. वांगी भाजून झाली की बडगीत (लाकडी भांड्यात) घालून ठेचायची, त्याआधी हात धुताना अंगठी काढतात आणि शर्टाच्या वरच्या खिशात टाकतात. मग चुलीत काड्या सारायला वाकले की खिसा उलटा. माणूस सांगतो विहिरीजवळ पडली, कारण हात तिथे धुतले होते. सापडते ती चुलीच्या तोंडाशी.

३. घर, उकिरडा आणि गुरं

शेतात जाण्याआधी हे उरकून घ्या, कारण "शेतात पडली" म्हणून आलेल्या बऱ्याच वस्तू शेतात गेलेल्याच नसतात.

बेसिनखालचा वाकडा पाइप आधी खोला. सोनं पाण्यापेक्षा कित्येक पटींनी जड. शुद्ध सोन्याची घनता पाण्याच्या १९ पट आहे. अंगठी पाण्याबरोबर वाहत जात नाही, त्या वळणात बसून राहते. खाली बादली ठेवा आणि नळ सोडू नका.

गोठा झाडताना निघालेली वस्तू शेणाबरोबर उकिरड्यावर जाते आणि उन्हाळ्यात खताबरोबर कोणत्याही शेतात पोहोचते. उकिरडा शोधायला सोपा, कारण तो मऊ असतो आणि त्यात दगड नसतात. फावड्याने पातळ थर एका बाजूला ओढायचा, त्यावर मशीन फिरवायचं, मग पुढचा थर.

पोळ्याला एक वेगळीच भानगड होते. बैलांच्या नैवेद्याच्या ताटात पोत ठेवायची काही घरांत पद्धत आहे, आणि बैल पुरणपोळीबरोबर ती गिळून मोकळा होतो. अशा वेळी जुलाबाचं औषध, तेल पाजणं असले घरगुती प्रयोग करू नका. जड वस्तू बहुतेक वेळा जनावराच्या पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात बसते आणि तिथून आपोआप पुढे सरकत नाही. जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. तेही धातू शोधायचं यंत्र लावून खात्री करतात आणि गरज पडली तर पोट उघडून काढतात. आपलं मशीन घेऊन बैलाच्या पोटाखाली शिरणं हा धाडसाचा नाही, दवाखान्यात भरती होण्याचा मार्ग आहे.

४. कोणतं मशीन घ्यायचं

आधी काय घ्यायचं नाही ते सांगतो, कारण फसवणूक इथेच जास्त होते.

मोबाइलमधलं "मेटल डिटेक्टर" ॲप सोनं शोधत नाही. फोनमध्ये दिशा दाखवायला चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर असतो, ॲप तोच वापरतं. लोखंड ओळखेल, सोनं-चांदी नाही. चुंबकाचंही तेच. दोरीला मोठा चुंबक बांधून विहिरीत सोडणारे भेटतात, त्यांना बादलीची कडी मिळते, अंगठी नाही.

"दोन किलोमीटरवरचं सोनं दाखवतो" म्हणून अँटेनाच्या दोन काड्या असलेलं यंत्र विकणारे किंवा भाड्याने देणारे आले तर त्यांना चहा पाजून परत पाठवा. तसं यंत्र नसतं. ते लोक गुप्तधनाच्या नादाला लावतात, आणि मग प्रकरण पूजा, नैवेद्य असं वाढत जातं.

देवळाच्या किंवा सभेच्या दारावर पोलीस अंगावरून फिरवतात ती दांडी कामाची आहे, पण तिची पोच काही बोटांचीच. गादी, गोधडी, कापसाचा ढीग, चाऱ्याची पेंढी तपासायला उत्तम. जमिनीसाठी नाही.

जमिनीसाठी लांब दांडीला खाली गोल चकती असलेलं मशीन लागतं. बहुतेक मशीन व्हीएलएफ (अगदी कमी फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या) प्रकारची असतात. माझ्या भाषेत सांगायचं तर चकतीत मोटरसारखंच वाइंडिंग आहे. त्यातून उलटसुलट वीज खेळवली की खाली चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यात धातू आला की धातूच्या अंगात भोवऱ्यासारखी वीज फिरते, आणि त्या विजेचं स्वतःचं बारीकसं क्षेत्र परत येतं ते दुसरं वाइंडिंग पकडतं. परत यायला किती उशीर लागला यावरून मशीन अंदाज बांधतं की लोखंड आहे की दुसरं काही. पल्स इंडक्शन हा दुसरा प्रकार खनिजाच्या जमिनीत खोल जातो, पण लोखंड आणि सोनं यांत फरक फारसा सांगत नाही. खिळ्यांनी भरलेल्या खळ्यात तो वेड लावतो. नवशिक्याने व्हीएलएफच घ्यावं.

घेताना तीन गोष्टी पाहा. जमीन जुळवणी, म्हणजे ग्राउंड बॅलन्स, हाताने करता आली पाहिजे. कोणता धातू असावा याचा अंदाज देणारा आकडा पडद्यावर दिसला पाहिजे. आणि सहा इंचाच्या आसपासची छोटी चकती वेगळी मिळाली पाहिजे, कारण उभ्या कपाशीत अकरा इंची चकती झाडांना धडकते आणि दर धडकेला खोटा आवाज करते. गॅरेट, माइनलॅब, नोक्टा ही नावं कानावर येतील. मी पहिलं घेतलं ते बिननावाचं, ऑनलाइन, सात हजाराच्या आत. त्याला जमीन जुळवणी नव्हती. आमच्या काळ्या रानात ते पावसाळ्यातल्या बेडकासारखं अखंड ओरडत राहिलं.

एकाच वस्तूसाठी नवं मशीन विकत घेणं परवडत नाही. ओळखीत कोणाकडे आहे का पाहा, भाड्याने आणा, पण पुढची चाचणी स्वतः करूनच शेतात जा.

सोबत एवढं न्या: छोटा पिनपॉइंटर (पेनाच्या जाडीचा, खड्ड्यात घालून नेमकी जागा दाखवणारा), खुरपं, वाळू चाळायची चाळणी, सुतळी आणि खुंट्या, रांगोळी किंवा चुना, हेडफोन, झाकणाचा डबा, जास्तीच्या बॅटऱ्या, आणि प्यायचं पाणी भरपूर. चाळलेल्या मातीतून लोखंड बाजूला काढायला मात्र चुंबक न्याच. सोनं त्याला चिकटत नाही, म्हणूनच तो तिथे उपयोगी.

५. नमुना वाजवून पाहा

ही पायरी सगळे गाळतात. जी वस्तू हरवली तिच्यासारखीच दुसरी मागून घ्या. बहिणीची पोत, भावाची अंगठी. अंगणात विटेवर ठेवा, चकती वरून फिरवा आणि आकडा वहीत लिहा. मग दोरा बांधून मातीखाली चार बोटं पुरा आणि परत बघा. दोरा बांधायचाच. एका पाहुण्याने नमुन्याची अंगठी बिनदोऱ्याची पुरली आणि एकाच्या दोन हरवल्या.

माझ्या मशीनवर आकडा ० ते ९९ येतो. आईची पाच ग्रॅमची अंगठी पन्नाशीच्या आसपास वाजते. गोळ्यांच्या पाकिटाचा चुरगळलेला चमकी तुकडाही तिथेच वाजतो. या धंद्याचं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे. मशीन सोनं ओळखत नाही, तो धातूचा तुकडा किती वीज फिरू देतो एवढंच सांगतं, आणि लहान सोनं व ॲल्युमिनियमची चमकी या बाबतीत सख्खी भावंडं आहेत. जुनं चांदीचं नाणं ऐंशीच्या पुढे जातं. जोडवी चांदीचीच, पण तोंड उघडं असल्याने वीज पूर्ण गोल फिरत नाही आणि आकडा बराच खाली येतो. तुटलेल्या अंगठीचंही तसंच.

पोतीबद्दल खास सांगायचं तर काळे मणी काचेचे, ते वाजतच नाहीत. बारीक सोन्याचे मणी आणि पातळ साखळीही जवळजवळ मुकीच, कारण मशीनला अख्खी साखळी दिसत नाही, एकेक कडी दिसते. शोधायची ती वाटी. ती सापडली की बाकीचं भोवतालची माती चाळून मिळतं.

६. काळ्या मातीशी जुळवून घ्या

आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली. त्यात लोखंडाची खनिजं असतात आणि मशीनला सगळी जमीनच धातू वाटते. म्हणून सुरुवातीला जिथे काही वाजत नाही अशी हातभर जागा शोधा. चकती जमिनीपासून दोन बोटांवरून वीतभर वर आणि परत खाली, अशी पंप मारल्यासारखी हलवा, आणि ग्राउंड बॅलन्सचं बटण आवाज शांत होईपर्यंत जुळवा. दर पन्नास पावलांनी, आणि कोरड्यातून ओल्यात गेलात की पुन्हा. तापीकाठच्या गाळाच्या मळ्यात आणि डोंगराकडच्या मुरमाड रानात एकच जुळवणी चालत नाही.

संवेदनशीलता पूर्ण वाढवून ठेवायचा मोह होतो. उलट थोडी कमी करा. गोंगाटात दहा इंच बघण्यापेक्षा शांततेत पाच इंच बरे. परवा-तेरवा पडलेली वस्तू तशीही खोल नसते.

चुलीची, शेकोटीची किंवा वीटभट्टीची जागा जास्तच त्रास देते, कारण भाजलेली माती जास्त चुंबकीय होते. भरीत पार्टीवाल्या अंगठीच्या वेळी चुलीवर मशीन बेभान वाजत होतं. शेवटी राख आणि वरची भाजलेली माती घमेल्यात भरून बांधावर नेली, फरशीवर मूठमूठ पसरली, आणि मग अंगठी वाजली.

विजेच्या तारांखाली किंवा चालू मोटरच्या जवळ मशीन उगाच टिकटिकतं. मोटर बंद करायला सांगा. नाहीतर लोडशेडिंगची वेळ विचारून घ्या. उभ्या आयुष्यात लाइट जाण्याची वाट पाहिलीये ती याच कामासाठी.

स्वतःकडेही बघा. खिशातला फोन, हातातलं कडं, पट्ट्याचं बक्कल, टोकाला लोखंड असलेले बूट, कमरेचा चांदीचा करदोडा, सगळं वाजतं.

उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात. वस्तू भेगेत गेली तर ती हातभर खालीही असू शकते आणि चकतीला पोचत नाही. भेगेत टॉर्च मारा, पिनपॉइंटर आत सोडा, गरज पडली तर भेगेचा एक काठ खुरप्याने पाडा. पाणी ओतू नका. हे काम मृगाआधी करा, कारण पाऊस पडला की माती फुगते, भेगा मिटतात आणि वस्तू आतच राहते.

७. चकती फिरवण्याची पद्धत

सुतळीने तीन-तीन फुटांच्या पट्ट्या आखा. कपाशीत सरीच पट्टी समजा. चकती जमिनीला समांतर, दोन बोटं वर. नवा माणूस झोका दिल्यासारखी फिरवतो, दोन्ही टोकांना चकती वर जाते आणि तिथलं सगळं सुटतं. विळ्याने गवत कापताना मनगट जसं सपाट ठेवतो तसं ठेवा. सावकाश, डावी-उजवीकडे एक फेरी दोन-अडीच सेकंदांत, आणि पुढची फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढली पाहिजे.

पूर्ण पट्ट्या एका दिशेने झाल्या की त्याच जागेत आडव्या दिशेने पुन्हा. कडेवर पडलेली अंगठी एका बाजूने कमी आणि दुसऱ्या बाजूने जास्त वाजते. तपासलेल्या पट्टीवर रांगोळीची रेघ मारा, नाहीतर जेवणानंतर कुठे होतो ते आठवत नाही.

लोखंड गाळण्याची सोय वापरा, पण चमकी गाळण्याची नाही. चमकी गाळली की तिच्या शेजारचं सोनंही गाळलं जातं. हरवलेली वस्तू शोधताना नमुन्याच्या आकड्याच्या आसपास वाजेल ते सगळं काढायचं. बियाण्याच्या पुड्या, बाटल्यांची झाकणं, बांधणीच्या तारेचे तुकडे, कंटाळा येईपर्यंत काढायचं. कंटाळा आल्यावर सोडलेला आवाजच नेमका तो असतो, असा माझा ग्रह झाला आहे.

८. खोदताना

जोरात कुदळ मारू नका. मी एकदा मारली आणि कुडकं (कानातलं) चपटं करून परत दिलं. सराफाने सरळ केलं, पण त्या बाईचा चेहरा अजून आठवतो.

आवाजाची नेमकी जागा चकती उभी-आडवी फिरवून फुलीसारखी धरा. तिथून चार बोटं लांब खुरपं खुपसा आणि मातीचं ढेकूळ एका बाजूने उचला. ढेकूळ चकतीवरून फिरवा. वाजलं तर वस्तू ढेकळात, नाही तर खड्ड्यात. मग पिनपॉइंटर. पोतीच्या बाबतीत वाटी मिळाली की हात थांबवा, भोवतीची परातभर माती आख्खी चाळणीवर घ्या. ओली काळी माती चाळणीतून जात नाही, ती बादलीत पाण्यात कालवून गाळा. वहिनीचे सोन्याचे मणी असेच मिळाले.

ठिबकची नळी कापू नका. खड्डा बुजवा. पिकाचं मूळ उघडं टाकून आलात तर पुढच्या वेळी तुम्हाला त्या शेतात कोणी येऊ देणार नाही.

९. नदी आणि झोके

श्रावणात कानबाई देवीच्या विसर्जनाला बायका नदीत उतरतात. गर्दी, चिखल, ओले हात, आणि त्याच संध्याकाळी फोन. वाळूत किंवा गाळात जड वस्तू हळूहळू खाली बसत जाते, म्हणून जितकं लवकर तितकं बरं. चकती पाण्यात चालते पण वरचा डबा चालेलच असं नाही, माहितीपुस्तिका वाचा. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. पावसाळ्यात तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की पाणी बघता बघता चढतं. धरणाच्या विसर्गाचा इशारा असेल त्या दिवशी कितीही तोळ्यांची वस्तू असली तरी मी जात नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणींचे झोके बांधतात. झोक्याखालची जमीन सगळ्यात सोपी जागा: घट्ट, उघडी, पायांनी घोटलेली. कानातलं पडलं तर झोक्याच्या दोन्ही टोकांकडे बघा, बरोबर खाली नाही. चालत्या झोक्यावरून सुटलेली वस्तू वेगाबरोबर पुढे फेकली जाते.

१०. परवानगी, कागद आणि गावातली कुजबुज

दुसऱ्याच्या शेतात जाताना मालकाचा होकार घ्या, शक्यतो मोबाइलवर लिहून. आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला. मी पहिल्या वर्षी हे केलं नाही. संध्याकाळी बांधावर पंचवीस माणसं जमली आणि "गुप्तधन काढी राहिनात" अशी बातमी दोन गावं पुढे गेली.

हरवलेल्याच्या घरी हे कागद काढून ठेवायला सांगा:

- दागिन्याचा फोटो आणि खरेदीची पावती (वजन, कॅरेट लिहिलेली)
- हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना विकताना तो बंधनकारक आहे, आणि बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. आजीच्या जुन्या दागिन्यावर तो नसणारच, तिथे फोटोच कामाचा.
- चोरीचा संशय असेल किंवा वस्तू मोठी असेल तर पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची नोंद

शोधताना तिसऱ्याचीच वस्तू सापडली तर ती तुमची होत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७१ प्रमाणे सापडलेली वस्तू सांभाळण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि मालक माहीत असून लबाडीने ठेवली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा होतो. जमिनीत पुरून ठेवलेलं जुनं धन लागलं तर वेगळा कायदा: भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहाचा आकडा १८७८ चा आहे, म्हणजे आज व्यवहारात सगळंच.

थाळनेर, लळिंग, पारोळ्याचे किल्ले, चांगदेवचं मंदिर, तापीकाठचं प्रकाशे आणि गिरणेकाठचं बहाळ इथल्या पांढरीच्या (जुन्या गाडल्या गेलेल्या वस्तीच्या) टेकाडांवर मशीन घेऊन जाऊ नका. प्रकाशे इथे १९५५ साली उत्खनन होऊन ताम्रपाषाण काळाची वस्ती उजेडात आली. संरक्षित जागेत परवान्याशिवाय खोदणं गुन्हा आहे, आणि तिथे अंगठी खरोखर हरवली असली तरी आधी तिथल्या कर्मचाऱ्याला सांगून, खुरपं न लावता, फक्त नजरेने शोधा.

पैशाचं आधीच बोलून घ्या. मी पेट्रोल घेतो, बाकी मागत नाही. ज्यांना मजुरी घ्यायची त्यांनी "सापडली तर इतके, नाही सापडली तर इतके" असं सुरुवातीलाच सांगावं. वस्तू हातात आल्यावर बोललेला आकडा नेहमी वाईट दिसतो.

११. नाहीच सापडली तर

दोन्ही दिशांनी पट्ट्या झाल्या, छोटी चकती लावून पुन्हा झालं, तरी नाही, तर थांबा आणि दुसऱ्या पायरीवर जा. जागा चुकली असण्याची शक्यता मशीन चुकल्यापेक्षा जास्त असते. जागा खात्रीची असेल तर शेताचा कागदावर नकाशा काढून ठेवा, आणि पिकं निघून नांगरटी झाली की परत या. नांगर खालची माती वर आणतो. दरवर्षी तेच शेत तुमच्यासाठी थोडं वेगळं असतं.

वहिनीची दुसरी वाटी अजून मिळालेली नाही. एप्रिलमध्ये निंबाखालचं रान नांगरलं की मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवतो आणि मशीन घेऊन एक फेरी मारून येतो. मागच्या वर्षी एक रुपयाची दोन नाणी आणि वखराची एक पास (लोखंडी पातं) निघाली.